क्रोमियमचं उत्तर

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तसं मोठं काही नाही — असं मीच स्वतःला बावीस वर्षं सांगत आले.

मी सोलापुरात ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते. चांगली शिकवते, असं मुलं म्हणतात. बावीस वर्षांपूर्वी मात्र नोकरीचं दुसरंच वर्ष होतं, आणि भीती एकच — वर्गात काही अडलं तर? म्हणून कॉलेजात स्वतः काढलेल्या जुन्या नोट्स घेऊन उभी राहायची. त्यातलंच फळ्यावर.

अकरावीच्या त्या वर्गात रेखा होती. मोडनिंबची, हॉस्टेलवर राहणारी, दुसऱ्या बाकावर बसणारी. प्रश्न विचारायची. खरं सांगायचं तर — मला ती नकोशी वाटायची.

त्या दिवशी इलेक्ट्रॉनची मांडणी शिकवत होते. कुठल्या कक्षेत किती इलेक्ट्रॉन बसतात ते. क्रोमियमचे चोवीस. शेवटचे सहा मी नियमाप्रमाणे मांडले — फोर एसमध्ये दोन, थ्री डीमध्ये चार. रेखा उठली.

"मॅडम, तसं न्हाय की. थ्री डीमदी पाच हायत, आन फोर एसमदी एकच."

मी काय करायला हवं होतं? पुस्तक उघडायला हवं होतं. टेबलावरच होतं. त्याऐवजी मी तिच्याच सुरात म्हणाले, "न्हाय की? कुटं हाय गं असं?"

वर्ग हसला. बराच वेळ हसला. मी थांबवलं नाही. ती खाली बसली.

आणि माझं माहेर कुठलं? वेळापूर. आईशी मी आजही हाय-न्हायच बोलते. त्या भाषेची चेष्टा कुठं लागते, हे त्या वर्गात माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

संध्याकाळी घरी पुस्तक काढलं. क्रोमियम अपवाद आहे. थ्री डी अर्धी भरली की अणू जास्त स्थिर होतो, म्हणून फोर एसमधला एक इलेक्ट्रॉन तिकडे जातो. पाच आणि एक. माझ्या नोट्समध्ये ते पानच नव्हतं.

इथवर चूक होती. पुढचं मात्र मी ठरवून केलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात म्हणाले, "काल मी मुद्दाम चुकीचं लिहिलं होतं. कोण ठाम राहतं, ते बघत होते." मुलांना ते फार आवडलं. रेखाकडे मी पाहिलं नाही — नाही, पाहिलं. ती वहीत लिहून घेत होती. म्हणजे बरोबर असूनही कमी पडली ती तीच, असं मी तिला शिकवलं.

त्यानंतर तिनं कधी प्रश्न विचारला नाही. वर्षाच्या शेवटी सायन्स सोडून आर्ट्सला जायचं म्हणून लॅबचं सामान परत केल्याची सही घ्यायला आली. का सोडतेस, विचारलं.

"जमत न्हाय, मॅडम," म्हणाली. मग थांबली. "जमत नाही," म्हणाली.

मी सही केली.

सायन्स तिनं माझ्यामुळेच सोडलं का? मला माहीत नाही. ते मात्र मी तिला विचारलं नाही, कारण ती हो म्हणाली असती तर?

गेल्या वर्षी नवी पेठेत साडीच्या दुकानाबाहेर कुणीतरी हाक मारली. रेखा. सोबत तिची मुलगी, दहावीतली. आता रेखा अगदी शहरी बोलते. भर गर्दीत वाकून पाया पडली. मुलीला म्हणाली, "ह्या आमच्या केमिस्ट्रीच्या मॅडम. फार छान शिकवायच्या. मलाच डोकं नव्हतं."

मुलगी माझ्याकडे बघत होती. ती सायन्सच घ्यायचं म्हणत होती, पण आईला भीती वाटत होती — आपल्यावर गेली असेल तर?

तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. ते माझ्या तोंडाशी आलं होतं, हेही सांगते.

मी मुलीच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "मेहनत घ्यावी लागते हो." आणि रिक्षाला हात केला.