थंड बॉनेट आणि उबदार जागा

अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि आजही ‘आहे’ असे म्हणण्याचे धैर्य माझ्यात नाही. मी धुळ्यात पदार्थविज्ञान शिकवतो. उष्णता कोठून येते आणि कोठे जाते, हे दरवर्षी फळ्यावर मांडतो. मासिकासाठी काही लिहिण्याची, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, ही पहिलीच वेळ. चुकले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

माझी पत्नी कमल असोद्याची. माहेरी जायचे म्हणजे पारोळा, एरंडोल करीत जळगावपर्यंत एस.टी., आणि तिला ती लागायची. हिवाळ्यात मी टपावर सामान चढवीत असे, तोवर ती आत माझ्या जागेवर बसून राही. मी आलो की खिडकीकडे सरके आणि म्हणे, “बसा. जागा उबदार केली आहे.” आपली लहानशी मोटार असावी, वाटेल तिथे थांबता यावे, एवढेच ती मागे. मला मात्र चारचौघांत मोटार शिकण्याची लाज वाटे. ‘परीक्षा होऊन जाऊ देत’, म्हणत राहिलो... पुढे ती तापाने गेली.

त्यानंतर वर्षभराने मी परवाना काढला. कारण नाना – कमलचे वडील. लेकीचे घर त्यांनी पाहिलेच नव्हते, आणि आता गुडघ्यांमुळे एस.टी.ची पायरी चढवत नव्हती. माझ्या पगारात जुनीच मोटार बसत होती, तीही दुरुस्ती न मागणारी. निवड चुकली असती तर दुसरी घेणे शक्य नव्हते, आणि नानांचे वय थांबणार नव्हते.

जळगावच्या उस्मान मिस्त्रींना बरोबर घेतले. त्यांची रीत अशी – मालकाने किल्ली फिरवण्याआधी बॉनेटवर हात ठेवायचा. गरम लागले की परतायचे. “मास्तर, जी सकाळी उठत नाही, तिला आपण यायच्या आधीच उठवून ठेवतात. पाहुण्यांसमोर काय, सगळ्याच नवऱ्या हसतात,” ते म्हणाले. स्टेशनजवळच्या एका व्यापाऱ्याची मोठी, चकचकीत मोटार मला फार आवडली होती. उस्मानभाईंनी तिच्यावर हात ठेवला, आणि आलेला चहाही न घेता मला बाहेर काढले.

दुसरी मोटार कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. लहान, फिकट निळी, सुटे भाग जळगावातच मिळतील अशी. पौषातली सकाळ होती. बोटे आखडली होती. असोद्याहून नानाही बैलगाडीने आले होते. रखवालदाराने कुलूप आमच्यासमोर काढले. दिवाळीपासून शेड उघडलेली नव्हती. बॅटरीही काढून ठेवलेली होती.

उस्मानभाईंनी बॉनेटवर हात ठेवला. “बर्फ आहे. बसा, स्टीअरिंग हलवून बघा.”

काचा चढवलेल्या होत्या. सीटवर धुळीचा सारखा थर होता. त्यावर ना मांजराचा पंजा, ना कोणाच्या बसण्याची खूण. मी बसलो, आणि तसाच उठलो. जागा उबदार होती. नुकतेच कोणी उठून जावे, तशी.

मी शेजारच्या सीटवर हात ठेवला. गार. मागची, गार. शेडच्या दाराकडे पाहिले. ते उत्तरेला होते, ऊन येण्याचा प्रश्नच नव्हता. उस्मानभाईंनी माझ्या जागेवर हात ठेवला, काढला, परत ठेवला. मी विचारले, “आता तुमचा नियम काय सांगतो?”

“माझा नियम बॉनेटचा आहे, मास्तर. हे मला कळत नाही.”

मग नाना काठी टेकत आले. बसमधली गोष्ट मी त्यांना कधी सांगितलेली नव्हती. त्यांनी तळहात सीटवर ठेवला तो बराच वेळ उचलला नाही.

“कमल लहान होती ना, तवा मी वावरातून येईपर्यंत माह्या बाजेवर बसून राहे,” ते म्हणाले. “मी आलो का उठे.” मग म्हणाले, “घ्या जवाईबापू. हीच घ्या.” आणि स्वतःच मागचे दार उघडून मागे बसले. पुढे बसा म्हटले तर ऐकेनात.

आठ दिवसांनी त्याच मोटारीने मी नानांना धुळ्याला आणले. एरंडोलच्या पुढे, कारण नसताना, एका लिंबाखाली थांबलो.

या गोष्टीला दोन वर्षे होतील. त्या उबेचे कारण मला सापडलेले नाही. मोटारीने अद्याप एकदाही वाटेत सोडलेले नाही. रोज सकाळी मी उस्मानभाईंच्या रीतीने आधी बॉनेटवर हात ठेवतो. ते थंड असते, तसेच असायला हवे. मग दार उघडून तोच हात माझ्या जागेवर ठेवतो.

तीही थंड असते. तरी हात लगेच काढवत नाही.