बायको नाव सांगत नाही

आमच्या घरातल्या माणसाची कैद टळली ती मी तोंड मिटून बसले म्हणून. आज हे हसत सांगते. तेव्हा मात्र घरात कुणी माझ्याशी धड बोलत नव्हतं.

निजामाचा अंमल होता. माझं नुकतंच लग्न झालेलं, मूलबाळ नव्हतं. चारठाण्याजवळच्या आमच्या गावाहून आम्ही दोघं बैलगाडीनं माझ्या माहेरी निघालो होतो. देवगावच्या फाट्याजवळ बैल बुजले, गाडी उलटली आणि चाक नवऱ्याच्या पायावरून गेलं. ते बेशुद्ध पडले. कापूस घेऊन सेलूला निघालेल्या एका अनोळखी गाडीवानानं आम्हाला तिथल्या दवाखान्यात पोचवलं आणि तो आपल्या वाटेनं गेला.

दवाखान्यातल्या मुन्शीनं गाव विचारलं, मी सांगितलं. मग नाव विचारलं. मी गप्प.

“बाई, नावाबिगर कसं लिहू?”

“लिवा तसंच. मी न्हाई घ्यायची.”

नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, असं आमच्याकडे मानत. सासऱ्यांचं नाव तर त्याहून वर्ज्य. समोर माणूस निपचित पडलेला, आणि मी नेमकं तेव्हाच त्याचं आयुष्य कमी करू? मुन्शी चिडला, त्यानं काहीतरी खरडलं आणि त्यांना आत नेलं. ते शुद्धीवर आल्यावर पुन्हा कुणी विचारलं नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी गावात चुलत दिराची कडब्याची गंज जळाली. बांधावरून त्यांचं आमच्याशी वाकडं होतं. त्यांनी फिर्याद दिली की आग आमच्या यांनीच लावली, पळताना दगडी गडग्यावरून उडी मारली, त्यात पाय मोडला आणि मग दवाखाना गाठला. मोडका पाय सगळ्या गावाला दिसत होता. तोच आमच्यावर उलटला.

आमच्या वकिलांनी दवाखान्याच्या रजिस्टराची नकल आणवली. उर्दूतली ती ओळ वाचून त्यांनी कपाळाला हात लावला. नावाच्या जागी लिहिलं होतं, ‘बायको नाव सांगत नाही.’

“वेळ दुपारची आहे, गाव तुमचंच आहे,” ते म्हणाले. “पण रजिस्टरातला माणूस हाच, हे कशावरून सांगू?” शेवटी त्यांनी डॉक्टरांनाच सगळ्या कागदांसह अदालतीत बोलवायचा अर्ज केला.

घरी सासूबाई माझ्यावर बरसल्या. “एवढं एक नाव घ्यायला जीभ झडली व्हती का तुजी?” ज्या बाईनं जन्मात सासऱ्यांचं नाव उच्चारलं नव्हतं, ती मला हे विचारत होती! राग असा आला की हातातली परात आपटावी. पण रागापेक्षा भीती मोठी होती. ते तुरुंगात गेले तर हे नाव मी जपलं कुणासाठी?

अदालतीत मुन्सिफसाहेबांनी ती ओळ वाचली आणि पदराआड बसलेल्या माझ्याकडे पाहिलं. दिरांचे वकील हसून म्हणाले, “हुजूर, अशा बायका घरोघर आहेत. हा त्या गावातल्या कुणाचाही नवरा असेल.”

डॉक्टरांनी शांतपणे दुसरी वही उघडली. उपचारांची ती वही आमच्या वकिलांनीही पाहिली नव्हती. डॉक्टर वाचू लागले. उजव्या नडगीचं हाड मोडलेलं, त्यावर गाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेचा रुंद वळ. डाव्या पायाची दोन बोटं जन्मापासून जुळलेली. पाठीवर भाजल्याचा जुना डाग, विळ्याएवढा.

मुन्सिफसाहेबांनी यांना जोडा काढायला लावला, मग सदरा. बोटं जुळलेली होती, डाग होता. गडग्यावरून उडी मारणाऱ्याच्या पायावर चाकाचा वळ कुठून येतो, असं साहेबांनी समोरच्या वकिलांना विचारलं.

“इतकं बारकाईनं कशाला लिहिलंत?” ते वकील डॉक्टरांवरच उलटले.

“नाव नव्हतं ना,” डॉक्टर म्हणाले. “माणूस दगावला असता तर ओळखायचा कशावरून? नाव असतं तर एवढं कोण लिहितं?”

त्याच दिवशी यांची सुटका झाली. माझा जीव भांड्यात पडला. सासूबाईंनी अदालतीच्या पायरीवरच माझ्या तोंडात गुळाचा खडा कोंबला.

परतताना देवगावच्या फाट्याला यांनी गाडी थांबवली. सासू-सासरे मागच्या गाडीत होते, बरेच मागे. हे खाली उतरले, लंगडत बैलांना गोंजारून आले आणि म्हणाले, “आता तरी घे की नाव. हितं कोन ऐकायलाय?”

“गाडी उलटली तवा न्हाई घेतलं,” मी म्हटलं. “आता तर सरळ चालायलीय.”

ते मोठ्यानं हसले. मीही हसायला गेले आणि मला रडूच फुटलं. अपघातापासून मी एकदाही रडले नव्हते. मागची गाडी जवळ येईपर्यंत ते माझ्याजवळ तसेच उभे राहिले.