कुलूप असेल तर उजवीकडचं घर

कराडच्या एसटी स्टँडवर आईनं माझ्या हातात चष्म्याची जुनी डबी ठेवली. मला वाटलं, अंगारा असणार. उघडून बघते तर कापसात गुंडाळलेला थर्मामीटर. "पारा शंभरच्या वर गेला की विचार करत बसू नकोस," ती म्हणाली, "गाडीत बसायचं आणि सरळ घरी यायचं." वडील बाजूला उभे होते. जन्म सगळा मार्केट यार्डात गूळ तोलण्यात गेलेला, त्यामुळं बोलणंही तोलूनमापून. पोरगी नोकरीला चाललीय आणि ही तिला दुखण्याचं सामान बांधून देतेय, एवढंच पुटपुटले. पण गाडी सुटताना खिडकीशी येऊन दोनदा त्यांनीच विचारलं, डबी वरच्या पिशवीत आहे ना, खाली असेल तर फुटेल.

नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं. नोकरी महाप्याला, एका लहानशा संशोधन संस्थेत, वर्षाच्या कंत्राटावर. संख्याशास्त्रात एमएस्सी झालेल्या मुलीला गावात लोक बँकेची परीक्षा दे यापलीकडं काही सुचवत नसत. इथं मात्र आकड्यांना काम होतं. पाणी कुठं गळतं, बस कुठं कमी पडते, पोरं शाळा का सोडतात, असले प्रश्न घेऊन आम्ही लोकांच्या दारात जायचो, फॉर्म भरायचो आणि ते संगणकात घालून उत्तर काढायचो. वडिलांना मी पत्रात समजावून सांगितलं होतं की अण्णा, चार ढेपा चाखून तुम्ही अख्ख्या गाडीचा माल ओळखता ना, तसंच हे. त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं. "त्या चार ढेपा कुणी काढून दिल्या, ते आधी बघत जा." मला हसू आलं होतं. म्हटलं, अण्णांना काय कळतंय सॅम्पलिंगमधलं.

राहायला शिरवण्यात खोली मिळाली. मालकीण हिराबाय, मूळची तिथलीच. सासऱ्याची भातशेती नव्या शहरात गेली आणि मोबदल्यातून ही आठ खोल्यांची चाळ उभी राहिली. मी तिला मावशी म्हणायचे. मी सारखी कागद घेऊन बसलेली दिसायचे म्हणून ती मला मास्तरीन म्हणायची. बाकीच्या खोल्यांत दगडखाणीवरचे नि बांधकामावरचे लोक. मला सुरुवातीला त्यांची भीतीच वाटायची, खोटं कशाला सांगू.

पहिलं मोठं काम माझ्याकडं आलं ते फिरत्या दवाखान्याचं. गाडी एकच मिळणार होती आणि मागणाऱ्या वस्त्या पाच-सहा. त्यात एक डोंगराच्या पायथ्याची, खाणकामगारांची. खोकला आणि दम कुठं जास्त आहे ते आम्ही मोजायचं, आणि आमच्या रिपोर्टवर समिती ठरवणार गाडी कुठं जाईल. तुलनेला नेरूळच्या सोसायट्यांमधली घरंही घ्यायची. आमचे प्रमुख देवस्थळी सर, नाकावर माशी बसू न देणारे. ते म्हणाले, सर्व्हेची आखणी तू कर. मी हरखून गेले. घरांच्या यादीवरून, यदृच्छ आकड्यांचा तक्ता लावून, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, घरं निवडली. फॉर्म भरणाऱ्या पोरींसाठी सूचना लिहिल्या. त्यातली सातवी सूचना मला आजही पाठ आहे: घराला कुलूप असेल तर वेळ न घालवता उजवीकडचं पुढचं घर घ्यावं.

दोन महिन्यांत फॉर्म आले. वय, तंबाखू, चुलीचा धूर, सगळं हिशेबात धरून मॉडेल बसवलं. इतकं झकास बसलं की मी स्वतःवरच खूश. निष्कर्ष निघाला की खाणीच्या वस्तीत खोकला नेरूळच्या इमारतींपेक्षा जास्त नाही, झाला तर थोडा कमीच. मला तिथंच खटकायला हवं होतं. दिवसभर दगडाची भुकटी खाणारी माणसं, आणि छाती आमच्यापेक्षा ठणठणीत? पण आकडे बरोबर होते, दोनदा तपासले होते. सोमवारी समिती बसणार होती.

गुरुवारी संध्याकाळी मावशी माझ्या दारात बसून कोळंबी सोलत होती. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की खाणीवरच्या लोकांची तब्येत चांगली निघाली. तिचे हात थांबले. तिनं विचारलं, तुमी किती घरं बघितली, कुलपाची पन बघितली काय. मी म्हटलं, कुलूपवाली कशी बघणार, त्यांच्या शेजारची घेतली. तिनं कोपऱ्यातल्या खोलीकडं मान हलवली. त्या दाराला होळीपासून कुलूप होतं, रोज पाण्याला जाताना मी ते बघत होते.

"त्यो काय फिरायला गेलाय? रात-दिस खोकत व्हता," ती म्हणाली. "हितं मानूस बरा हाय तवर ऱ्हातो. आजारी परला का गावाला जातो."

समोर फळीवर ती चष्म्याची डबी होती. शंभरच्या वर गेला की गाडीत बस. घर सोडून आलेल्या प्रत्येकाला कुणीतरी हेच सांगून पाठवलेलं असतं. आणि मी, जिच्या फळीवर तो थर्मामीटर होता, तिनंच लिहून दिलं होतं की कुलूप असेल तर उजवीकडचं घर. म्हणजे आजारी माणूस सोडायचा आणि त्याच्या शेजारचा धडधाकट मोजायचा. चार ढेपा कुणी काढून दिल्या? मीच, बाईसाहेबांनी!

शुक्रवारी ऑफिसात मूळ कागदी फॉर्म काढले. कोपऱ्यात पोरींनी 'बंद' असं पेन्सिलनं लिहिलं होतं, ते संगणकात कुणी घातलंच नव्हतं. नेरूळच्या गठ्ठ्यात बंद घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. खाणीच्या गठ्ठ्यात बोटं कधीच संपली. कुणाला सांगावं कळेना. सांगितलं तर कंत्राट जाणार, कराडला तोंड कसं दाखवायचं. नाही सांगितलं तर गाडी दुसरीकडं जाणार आणि ती माझ्या सहीनं जाणार.

शनिवार-रविवार मी मावशीला घेऊन वस्तीत हिंडले. ती सोबत नसती तर मला कुणी उभं केलं नसतं. प्रत्येक कुलपाशी थांबायचं आणि शेजारी विचारायचं, माणसं कुठं गेली, कशासाठी गेली. मनातून मला वाटत होतं की सगळे लग्नाला गेलेले निघू देत. काही तसे निघालेही, तेही मी लिहून घेतलं. पण दर दोन-तीन दारांनंतर तेच ऐकू यायचं की धाप लागायची, काम जमेना, बायको गावी घेऊन गेली. एका बाईनं आपल्या पत्र्याच्या पेटीतून शेजाऱ्याचं रेशनकार्ड काढून दाखवलं. ती दर महिन्याला त्याच्या कार्डावर रॉकेल उचलत होती, कार्ड रद्द होऊ नये म्हणून. "येतो म्हणालाय," ती म्हणाली. कधी, ते तिला माहीत नव्हतं.

सोमवारी मीटिंगच्या तासभर आधी मी सरांच्या टेबलावर सगळं ठेवलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला. मग म्हणाले की शेजारीपाजारी काय सांगतात तो पुरावा होत नाही, हे तुला मी शिकवायला हवं का. मी म्हटलं, "नाही सर. पण आपण रिपोर्टात जे लिहिलंय, तोही पुरावा नाही."

"सातवी सूचना कुणाची?"

"माझी."

"मंजुरीची सही माझी आहे," ते म्हणाले. "पण चूक तुला सापडलीय. समितीपुढं तूच उभी राहा."

आठ-दहा मोठ्या माणसांपुढं, स्वतःच्या कामात काय चुकलं ते सांगायला उभी राहिलेली मी. पहिलं वाक्य मला दोनदा बोलावं लागलं. एकानं विचारलं की मग एवढे महिने तुम्ही काय केलंत. मी नव्यानं मोजायला सहा आठवडे मागितले. ते मिळाले, पण त्या सहा आठवड्यांत गाडी कुठंच गेली नाही. गाडी मागणाऱ्यांपैकीच खाडीकाठच्या एका वस्तीतल्या बाया ऑफिसात येऊन मला भांडून गेल्या, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं.

शेजाऱ्यांकडून गावांचे पत्ते घेऊन मी जोडकार्डं पाठवली. आमचा प्रश्न एका कार्डावर, उत्तराचं कोरं कार्ड त्याला जोडलेलं. उत्तरं येतील असं सरांना वाटत नव्हतं. पण आली. मास्तरांच्या अक्षरात, शाळकरी अक्षरात, काही कानडीत. बहुतेकांत खोकला होता, दम होता. जतकडून एका बाईचं आलं: "खोकला फार होता. पाडव्यानंतर थांबला. आता ते नाहीत. दवाखाना पोरांसाठी तरी करा." फॉर्मवर असल्या उत्तराला रकानाच नव्हता. मी शाईनं एक रकाना आखला, आणि नंतर टेबलावर डोकं ठेवून रडले. कार्डावरचं नाव मावशीला वाचून दाखवलं तेव्हा मला कळलं की हा आमच्या चाळीतल्या कोपऱ्यातल्या खोलीतला माणूस, त्याचा पत्ता खाणीवरच्या सोबत्यानं दिला होता. मी रोज ज्या कुलपावरून जात होते, ते त्याचंच.

नवा रिपोर्ट गेला आणि दर बुधवारी गाडी डोंगराखाली थांबायला लागली. माझं कंत्राट सहा महिन्यांनी वाढलं, मग आणखी वाढलं. उशीर झाला तो झालाच, तो मी अजून कुणाच्या माथी मारलेला नाही.

हे वाचणारे तुम्ही जे कराडात राहिलात, त्यांना वाटतं मी इथं येऊन बदलले. बदललेच. 'पाहुणं'चं 'गेस्ट' झालं, 'कडंला'चं 'साइडला' झालं. तिकडं अंगण असताना दार सताड उघडं असायचं, इथं नेरूळच्या ब्लॉकला दोन कड्या. आणि माझ्यासारखे जे निघून आले, त्यांना हे सांगायलाच नको. आपण सगळे इथं बरे असेपर्यंत राहतो असंच मनाशी धरून आलेलो असतो. तब्येत बिघडली की परत जायला एक जागा आहे, या भरवशावर अर्धं आयुष्य इथं निघतं.

मी नेरूळला वन रूम किचनमध्ये राहायला गेले त्याला दोनेक वर्षं झाली होती, तेव्हा मला मलेरिया झाला. थंडी वाजून दात वाजत होते. डबी काढली, थर्मामीटर लावला. पारा एकशे तीनला. पहिल्यांदा बॅगच आठवली, मग एसटीची वेळ. आणि मग मी परत आडवी झाले. का, ते तेव्हा समजलं नाही. शिरवण्याहून मावशी पेज घेऊन आली, डोक्यावर पट्ट्या ठेवत बसली, आणि औषधं घेत नाही म्हणून तिनं मला शिव्याही घातल्या.

दुपारी घरातला फोन वाजला; मावशीनं सकाळीच कराडला निरोप ठेवला होता. यार्डातल्या अडत्याच्या दुकानात तेव्हा फोन होता, अण्णांनी आईला तिथं आणून उभं केलं होतं. तिनं पहिला प्रश्न केला की पारा किती. मी खरं सांगितलं.

"मग अजून गाडीत बसली नाहीस? कधी येतेस घरी?"

"आई, मी घरीच आहे."

पलीकडून यार्डातल्या हमालांचा आवाज येत होता. मी बोलून गेले होते आणि आता ते परत घेता येत नव्हतं. मागून अण्णांनी तिला विचारलं, काय म्हणतेय. तिनं त्यांना पारा तेवढा सांगितला.

"बरं," मग ती मला म्हणाली. "उद्या किती आहे ते कळव."