जर्मनीच्या आजी आणि आईचा गुडघा

मंडळी, आमची कंपनी शिलाई मशीनचे पार्ट विकते. दुबईत जबल अलीच्या ऑफिसात बसून आम्ही युरोपातल्या गिऱ्हाइकांचे फोन घेतो.

आज सकाळी कॉम्प्युटर उघडला तर गिऱ्हाइकांची नावं, पत्ते सगळं गायब. त्या जागी नुसते तारे आणि ऑर्डर नंबर. मॅनेजर म्हणाले, "युरोप का कानून है. उनके लोगों का डेटा अब इधर नहीं आएगा. खलास."

मला आठवल्या जर्मनीतल्या एक आजी. नाव लिहीत नाही, कायदा आहे. पहिल्या फोनवर मी सवयीने त्यांना "जेवलात का?" असं विचारलं, तेव्हा त्या गोंधळल्या होत्या. आता विचारायच्या आधीच काय जेवल्या ते सांगतात.

दुपारी फोन वाजला. स्क्रीनवर तारेच. मी म्हटलं, "मॅडम, ऑर्डर नंबर प्लीज."

पलीकडून इंग्रजीत, "ओळखलं नाहीस? आज बटाट्याचं सूप केलंय."

मी कायद्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "चांगला कायदा आहे. माझी माहिती कुणाला द्यायची ते मी ठरवणार." आणि स्वतःच नाव सांगून टाकलं. वर विचारलं, "तुझ्या आईचा गुडघा कसा आहे?"

म्हणजे अल कुसैसच्या आमच्या घरातला गुडघा मी केव्हाच जर्मनीला पोचवलाय. आईला न विचारता.

आता तुम्हीच सांगा. आईची रीतसर परवानगी घेऊ, की नुसतं सांगू की तिकडे कुणीतरी तिची चौकशी करतंय?