भरतीचं गणित बघायला बेलापूरला

ओहोटी लागायच्या आत उलव्याहून होडी सुटली. खाडीवर धुकं होतं, पलीकडचे डोंगर दिसत नव्हते. मी आणि सासरे दोघंच. नवरा तुर्भ्याच्या कारखान्यात पाळीवर, आणि सासऱ्यांना वाचता येत नाही, म्हणून चौथी शिकलेली मी सोबत. खाडीत नवा भराव पडणार होता. मग भरतीचं पाणी आमच्या शेतात किती चढेल, हे बेलापूरच्या कचेरीत मशीनवर काढतात, असं कळलं होतं.

उतरताना माझा पाय गुडघ्यापर्यंत चिखलात रुतला. होडीवाला म्हणाला, "वहिनी, खाडीनं पैंजन घातलं." मी खाली मान घालून पाय धुतला. पुढे खडीच्या नव्या रस्त्यानं चालत गेलो. दोन्हीकडे अर्धवट इमारती. झाडाखाली बसून तांदळाची भाकरी आणि सुकट (वाळवलेली बारीक कोळंबी) खाल्ली.

कचेरीत मराठवाड्याकडच्या एक तरुण मॅडम होत्या. मशीनच्या खोलीबाहेर त्यांनी चपला काढायला सांगितल्या. सासऱ्यांनी चपला काढल्या आणि आत जाऊन पिशवीतला नारळ मशीनपुढे ठेवला.

"बाबा, देव नाही हो तो. धूळ चालत नाही त्याला, म्हणून चपला."

"खाडीचं सांगतंय ना? मग ऱ्हावू दे."

नारळ राहिला.

मॅडमनी नकाशा पसरला. सगळी खाडी चौकोनांत कापलेली, प्रत्येक चौकोनात पाण्याच्या उंचीचा आकडा. खाडीच्या तोंडाशी समुद्राची भरती घालायची. मग ज्या चौकोनात पाणी जास्त उंच, तिथून शेजारच्यात किती सरकेल ते मशीन काढतं. सगळे चौकोन झाले की वेळ थोडी पुढे सरकवून पुन्हा पहिल्यापासून. भरावाच्या जागेचे चौकोन बंद करून त्यांनी हे सगळं परत केलं होतं. शेत वाचेल, बांध हातभर उंच करा, असं त्या म्हणाल्या. सासरे समाधानानं उठले.

परक्यांपुढे बोलायची मला सवय नाही. तरी विचारलं, स्मशानाच्या खालच्या अंगाला पाणी येईल का.

"नेमकं कुठे? बोट ठेवा."

मला ठेवता येईना. माझी मुलगी नाव ठेवायच्या आधीच गेली. लहान मूल पुरतात, आणि आमच्यात बायका तिथे जात नाहीत. सासऱ्यांनीच तिला उचलून नेलं होतं. ते परत खाली बसले. मी त्यांना नकाशावर देऊळ दाखवलं, ओढा दाखवला. बऱ्याच वेळानं त्यांनी बांधाच्या बाहेर बोट टेकवलं. "हितं."

मॅडमनी कागद चाळले. आज ती जागा कोरडी आहे, भरावानंतर उधाणाला (अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला) पाणी येईल, असं हळू आवाजात सांगितलं. "चौकोन मोठा आहे, ताई. त्यात पाणी कुठवर, ते मला नाही सांगता येणार."

परतताना आमच्या धक्क्याच्या अलीकडेच सासऱ्यांनी होडी काठाला लावायला सांगितली. बाईमाणसाला तिथे कुठे नेता, असं होडीवाल्यानं विचारलं.

"आई हाय ती," सासरे म्हणाले.

चिखलातून ते पुढे, मी मागे. कांदळाच्या झाडांमागे एक चपटा दगड होता, त्यांनीच ठेवलेला. मी शेजारी बसले. ते उभेच होते.

"बांद हिच्या खाडीकडल्या अंगानं घालू. लांब घालाया लागंल. लागू दे."

घरी सगळ्यांनी पाण्याचं विचारलं, तेव्हा त्यांनी शेताचं तेवढं सांगितलं. मी चूल पेटवली. घरापासून हाकेवरच्या त्या जागी पोचायला मला खाडी ओलांडून जावं लागलं.