एक औषध, दोन नावं

कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात बावीस वर्षं उभ्या असलेल्या बाईंना सगळी गल्ली गोळीताई म्हणायची. कुठल्या खणात काय आहे ते डोळे मिटून सांगतील, असा हात बसलेला; पण तोंड हाताच्याही पुढे. "ही उपाशीपोटी घ्यायची हं," असं दोनदा बजावल्याशिवाय पुडी गिऱ्हाइकाच्या हाती पडायची नाही.

एका सकाळी समोरचे शिंपीकाका आले ते काउंटर धरूनच उभे राहिले. चेहरा पांढराफटक.

"चक्करवरची गोळी दे गं. आठवडाभर झाला, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. काल मशीनवरच कोसळलो असतो."

ताईंनी त्यांना स्टुलावर बसवलं. "नवी गोळी मग. आधी घरातल्या सगळ्या बघू द्या." आणि काकूंना फोन लावला.

काकू पिशवी घेऊन तरातरा आल्या. "कापडावर सूतभर चूक चालत नाही यांना, आणि गोळ्यांचा मात्र आंधळा कारभार!"

पिशवीत रक्तदाबाच्या गोळ्यांची दोन पाकिटं निघाली. एक नेहमीच्या डॉक्टरांनी दिलेलं, दुसरं गेल्या पंधरवड्यात इस्पितळातून आणलेलं. ताईंनी चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली आणि कपाळाला हात लावला.

"काका, दोन्हींत औषध एकच आहे! फक्त कंपनी वेगळी, नाव वेगळं."

"मग गुण दुप्पट यायला हवा की!"

"अहो, आवळलेल्या रक्तवाहिन्या ही गोळी सैल करते. नाडी जरा सैल केली की पोटाला बरं वाटतं. तुम्ही दोनदा सैल केलीत. मग पायजमा राहील कसा?"

काकूंना हसू आवरेना. काकाही ओशाळून हसले.

ताईंनी लगेच डॉक्टरांना फोन केला. त्यांनी काकांना तसंच बोलावून घेतलं, दाब मोजला आणि एक पाकीट बंद केलं.

आठ दिवसांनी काका ताठ चालत आले. "ताई, काल सबंध कोट शिवला. एकदाही डोकं फिरलं नाही."

"ते आधीपासूनच फिरलेलं," काकू मागून म्हणाल्या.

ही गोष्ट गल्लीभर झाली. मग कुणी सासूची पिशवी आणू लागलं, कुणी शेजारणीने "मला लागू पडली" म्हणून दिलेली गोळी दाखवू लागलं. ताईंचं दुपारचं जेवण थंड व्हायचं. त्या कुरकुरायच्या खऱ्या, पण डबा बाजूला सारून चष्मा पुसायला घ्यायच्या तेव्हा त्यांचा चेहरा कसा खुललेला असायचा.