बाटलीची चोळी

आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले. हे सांगताना माझा आवाज अजूनही जरा चढतो, आणि चढू दे. माझं शिक्षण आईने प्लास्टिक निवडून केलंय.

भिवंडीतल्या एका पत्र्याच्या गाळ्यात ती अकरा वर्षं बसत होती. लोकांच्या घरातला सुका कचरा टेम्पोने तिथे येऊन पडतो. दुधाच्या पिशव्या, शॅम्पूच्या बाटल्या, तुटके डबे, चपलासुद्धा. बारा बायका ढिगाभोवती बसून त्याचे वाटे करतात. प्रत्येक प्लास्टिक वेगळ्या आचेवर वितळतं, एकात दुसरं घुसलं की सगळा घाणा नासतो. पाण्याच्या आणि सरबताच्या पारदर्शक बाटल्यांना सगळ्यात मागणी. त्या दाबून त्यांचे गठ्ठे बांधतात आणि दाण्याच्या कारखान्यात पाठवतात. तिथे त्यांचा चुरा होतो, तो धुतात, वितळवतात, त्याचा दाणा पाडतात. त्या दाण्याचा पुढे धागा होतो.

मी पास झाले आणि गाळ्याच्या मालकाने, ज्याला सगळे चाचा म्हणतात, मला बोलावून घेतलं. "बेटी पढी-लिखी है, माल पे नजर रखेगी." म्हणजे मी सुपरवायझर. आईच्या डोक्यावर. पहिल्याच दिवशी बायकांनी मला 'मॅडम' करून टाकलं आणि त्यात प्रेम किती आणि टोमणा किती ते मला कळत होतं.

मी उत्साहाने कामाला लागले. बाटलीच्या बुडाशी त्रिकोणात आकडा असतो, त्यावरून प्लास्टिकची जात कळते. मी भिंतीवर तक्ता लावला. मग माझी नजर 'चोळी'वर गेली. काही बाटल्यांवर गळ्यापासून बुडापर्यंत घट्ट आवळून बसवलेलं चकचकीत लेबल असतं, त्याला बायका चोळी म्हणायच्या. ब्लेडने उभा चरा द्यायचा, ओढून काढायची आणि मगच बाटली वाट्यात टाकायची. त्यात फार वेळ जायचा.

"हे कशाला?" मी विचारलं. "धुताना चुरा तळाशी बसतो, लेबल वर तरंगतं. कारखान्यात आपोआप निघतं."

"ही चोळी न्हाय निघत बाय," आई म्हणाली.

"का नाही निघत?"

"ते मला काय ठावं. न्हाय निघत."

'ते मला काय ठावं' हे उत्तर मी तीन वर्षं कॉलेजात खोडायला शिकले होते. मी बंद करायला सांगितलं. आईने ब्लेड पुडीत गुंडाळून ठेवलं. बायकांचा हात भराभर चालायला लागला, गठ्ठे वाढले, चाचा खूश.

एका बुधवारी ट्रक माघारी आला. कारखान्याच्या माणसाने चाचाच्या टेबलावर मूठभर दाणा ओतला. काचेसारखा असायला हवा होता, तो पिवळट होता आणि आत काळे ठिपके.

"एक घान पूरा गया," तो म्हणाला. "बाकी गठ्ठे वापस. शनिवार तक साफ माल दो, नहीं तो हम दूसरा गाला देख लेंगे."

तो गेल्यावर चाचाने टेबलावरचा दाणा कागदात गोळा केला. मग मला म्हणाला, हे कारखान्याचं गिऱ्हाईक तुटलं तर तो बाटल्यांचं काम बंद करून गाळा गोदामवाल्यांना देणार. ते कधीपासून मागत होतेच. म्हणजे बारा बायकांची रोजी जाणार. त्यातली एक माझी आई होती.

मी एक गठ्ठा फोडला. चोळीचा तुकडा बादलीत टाकला. तो सरळ तळाला गेला, बाटलीच्या तुकड्याशेजारी जाऊन बसला. साधं लेबल तरंगतं, ते मी वाचलं होतं. ही चोळी वेगळ्या प्लास्टिकची, पीव्हीसीची. ती बुडते, आणि भट्टीत जळून काळी पडते. पुस्तकात दोन्ही घनता दिलेल्या होत्या. मी एकच वाचली होती.

दुपारच्या जेवणाला बायका डबे उघडून बसल्या होत्या. मी उभ्यानेच सांगितलं, "माल माझ्यामुळे परत आलाय. तुम्ही बरोबर करत होतात. सगळे गठ्ठे फोडून प्रत्येक बाटलीची चोळी काढायचीय, शनिवारच्या आत."

कोणी घास थांबवला नाही. मग मालेगावहून आलेली एक म्हातारी, जिची जीभ गाळ्यात सगळ्यात तिखट, म्हणाली, "दबी हुई बोतल का कपड़ा उतारना मालूम है क्या मॅडम? चमड़ी के साथ आता है."

"माहीत नाही. शिकवा."

"कॉलेज में नहीं सिखाया?"

सगळ्या हसल्या. आईसुद्धा. हसून झाल्यावर आईनेच पुडी उघडली आणि एक ब्लेड माझ्यापुढे सरकवलं. "अंगठा आत घे. न्हायतर संध्याकाळी भात कालवायला बोट उरनार न्हाय."

दाबलेल्या बाटलीच्या घडीत चोळी शिरून बसते. आधी बाटलीवर पाय देऊन ती उलट मोडायची, मग चरा द्यायचा. पहिल्या दिवशी मी आईच्या निम्म्याही बाटल्या केल्या नाहीत आणि दोन बोटं कापून घेतली. शुक्रवारी बायका तासभर आधी आल्या. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

काही बाटल्यांवर नुसती फाटकी चिंधी उरायची आणि ती चोळीची की साध्या लेबलाची ते कळायचं नाही. आई नखाने घडी घालून बघायची, पांढरी रेघ उमटली की चोळी म्हणून बाजूला. तरी शंका राहायची. मी शेजारच्या यंत्रमागाच्या जळक्या मोटरीतली तांब्याची तार आणली, स्टोव्हवर लाल केली, चिंधीला टेकवली आणि परत जाळात धरली. ज्योत हिरवीगार झाली.

"म्हंजे काय?" आईने विचारलं.

"म्हणजे चोळी. हिरवी झाली नाही तर साधं लेबल."

म्हातारीने तार माझ्या हातातून घेतली आणि स्वतः दोनदा करून पाहिलं. "चल, कुछ तो पढ़ी है," म्हणाली.

शनिवारी कारखान्याचा माणूस आला. त्याने वेगवेगळ्या गठ्ठ्यांतून बाटल्या काढल्या, कात्रीने तुकडे केले आणि पत्र्याच्या तव्यावर पसरून खाली गॅस लावला. आम्ही तेरा जणी तव्याभोवती. तुकडे वाकले, आकसले. एक कडेला तपकिरी झाला. त्याने तो चिमट्याने उचलून बघितला, मग बाकीचे परतले. ते स्वच्छ राहिले.

"एकाध तो आता ही है," तो म्हणाला. "गाड़ी लगाओ."

ट्रक भरून गेल्यावर चाचाने मला हाक मारली. सोमवारपासून मी पुन्हा वहीपेन घेऊन खुर्चीत बसायचं, असं त्याचं म्हणणं. मी सांगितलं, सुपरवायझर मीच राहणार, ते पद मी सोडत नाही. पण महिनाभर खाली बसेन. प्रत्येक वाटा स्वतःच्या हाताने करीन, आणि बायका जे जे करतात त्याचं कारण शोधून काढीन. कारण सापडलं नाही तरी काम बंद करणार नाही.

चाचाने खांदे उडवले.

सोमवारी मी ढिगाजवळ जाऊन आईच्या शेजारी बसले. तिने वर पाहिलं नाही.

"पाय दुमडून जरा सरकून बस," ती म्हणाली. "त्या तिकडच्या डब्यांवर तुझी सावली पडतीया, जात दिसत न्हाय."